घरबागेतील गुलाब : वाण, हवामान आणि निवडीचा निकष

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरी व निमशहरी घरबागांत गुलाबाइतके आवडीने लावले जाणारे आणि गुलाबाइतके वारंवार मरणारे दुसरे फुलझाड क्वचितच आढळेल. हिवाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकेतून फुललेले कलम आणले जाते, दोन-तीन महिने ते उत्तम फुलते, उन्हाळ्यात खंगते आणि पावसाळ्यात त्याची पाने गळून फांद्या वरून खाली वाळत जातात. पुढील हिवाळ्यात दुसरे कलम येते. या अपयशाचे कारण सामान्यतः लावणाऱ्याच्या हाताला चिकटवले जाते. ‘हाताला गुण नाही’ असे म्हणून विषय संपतो.

वस्तुतः गुलाबाचे यशापयश तीन घटकांच्या मेळावर अवलंबून असते : वाणाचा वंश, त्याचा खुंट आणि त्या ठिकाणच्या उष्णतेचे व ओलाव्याचे वर्षभरातील वेळापत्रक. रोपवाटिकेतील चिठ्ठीवर फुलाचा रंग, पाकळ्यांची संख्या व सुगंध यांची माहिती असते. या तीन घटकांपैकी एकाचीही माहिती तेथे नसते. प्रस्तुत लेखात हे घटक कसे कार्य करतात याचे विवेचन केले असून, घरबागेसाठी गुलाबाची निवड करताना फुलाऐवजी पानाला प्रथम स्थान का द्यावे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. वंशातून आलेला हवामानाचा वारसा

आज बाजारात मिळणारा गुलाब हा अनेक प्रदेशांतील जातींच्या संकरातून घडलेला आहे. युरोप व पश्चिम आशियातील गॅलिका, आल्बा यांसारखे जुने गुलाब वर्षातून एकदाच, वसंतात फुलतात आणि त्यासाठी त्यांना थंडीचा निश्चित काळ लागतो. याउलट चीनमध्ये शतकानुशतके बागेत वाढवलेल्या चिनी गुलाबांना वारंवार फुलण्याचा गुण लाभला होता. फुलोऱ्याला आवर घालणाऱ्या एका जनुकात झालेल्या बदलामुळे हा गुण निर्माण झाला, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘ओल्ड ब्लश’सारखे चिनी गुलाब युरोपात पोहोचले आणि दोन्ही वंशांचा संकर सुरू झाला. १८६७ मध्ये फ्रान्समधील ग्युयो यांनी प्रसृत केलेला ‘ला फ्रान्स’ हा सामान्यतः पहिला हायब्रिड टी गुलाब मानला जातो.

या इतिहासाचा घरबागेशी थेट संबंध आहे. ज्या गटांत चिनी व टी गुलाबांचा अंश अधिक, ते उष्ण प्रदेशांत सहज रुळतात. नॉयझेट गट अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे, तर बूर्बोन गट हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर उदयास आला. दोन्ही ठिकाणे उबदार आहेत. ‘मारेशाल नील’ हा १८६४ चा पिवळा नॉयझेट इंग्लंडमध्ये थंडीपासून वाचवण्यासाठी काचघरात वाढवावा लागे. भारतातील जुन्या बंगल्यांच्या आवारात मात्र तो उघड्यावर वाढत असे. महाराष्ट्रात ‘गावठी गुलाब’ या नावाखाली जे लाल, सुगंधी, हारासाठी वापरले जाणारे गुलाब लावले जातात, त्यांत १८९७ च्या ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ या वाणाचा समावेश होतो. त्याच्या वंशात चिनी व बूर्बोन गुलाब आहेत. त्याच्या टिकाऊपणाचे मूळ या वंशात शोधता येते.

याच वंशवृक्षात एक दुर्बळ दुवाही आहे. १९०० मध्ये पेर्ने-दुशे यांनी ‘सोलेय दॉर’ हा वाण प्रसृत करून पश्चिम आशियातील ‘रोझा फेटिडा’ या जातीचा गडद पिवळा रंग बागेतील गुलाबांत आणला. या जातीचे मूळ स्थान कोरडे असल्याने पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाशी तिचा सामना क्वचितच झाला असावा. रंगासोबत ती रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही पुढच्या पिढ्यांत गेली. पिवळे, नारिंगी व दुरंगी हायब्रिड टी पावसाळी प्रदेशात लवकर उघडे पडतात, यामागील एक महत्त्वाचे कारण हे आहे.

२. ‘कणखर’ या शब्दाचे बदलते अर्थ

युरोप-अमेरिकेच्या सूचिपत्रांत एखादा गुलाब कणखर आहे असे म्हटले जाते, तेव्हा तो गोठवणारी थंडी सहन करतो एवढाच त्याचा अर्थ असतो. महाराष्ट्रात थंडीने गुलाब मरत नाही. येथे कणखरपणाची परीक्षा दोन वेळा होते : एप्रिल-मेमधील उष्णतेत आणि जून ते सप्टेंबरमधील ओलाव्यात. त्यातही राज्याच्या निरनिराळ्या भागांत प्रश्नपत्रिका वेगळी असते.

कोकण किनाऱ्यावर उन्हाळ्याचे तापमान फारसे टोकाला जात नाही. मात्र रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हिवाळ्यातील रात्रीही उबदार असतात. पाने दिवसेंदिवस ओली राहतात, जांभ्या मातीतून अन्नद्रव्ये धुऊन जातात. विदर्भात परिस्थिती निराळी आहे. नागपूर येथे मे महिन्यात कमाल तापमानाची सरासरी ४२ अंश सेल्सियसच्या पुढे असते, तर हिवाळा स्पष्ट आणि कोरडा असतो. पुणे-नाशिक पट्ट्यातील पठारी हवामान या दोहोंच्या मध्ये येते. पुण्यात वार्षिक पाऊस सुमारे सातशे ते साडेसातशे मिलिमीटर, उन्हाळा मध्यम आणि हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो. राज्यातील गुलाबाचा नावलौकिक या पट्ट्याशी जोडला गेला, त्यामागे हे हवामान आहे. महाबळेश्वरात थंडावा असला तरी वार्षिक पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास असल्याने थंड हवेचा लाभ पावसाळ्यात टिकत नाही.

तापमानाचा परिणाम फुलावर प्रत्यक्ष दिसतो. पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की कळी घाईने उमलते, पाकळ्या कमी व लहान होतात, आणि लाल-गुलाबी छटा देणारे अँथोसायनिन हे रंगद्रव्य कमी तयार होते. डिसेंबरात गडद दिसणारे फूल मे महिन्यात फिके पडते ते यामुळे. गर्द लाल फुले ऊन अधिक शोषून घेत असल्याने त्यांच्या पाकळ्यांच्या कडा करपतात. ‘डबल डिलाइट’ या १९७७ च्या दुरंगी वाणाची लाल कड सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे खुलते. काचेआड किंवा दाट सावलीत तेच फूल बव्हंशी पांढरट राहते. वाण एकच असूनही दोन घरांतील फूल निराळे दिसू शकते.

पाकळ्यांच्या संख्येचाही हवामानाशी संबंध आहे. कमी पाकळ्यांचे फूल कडक उन्हात सकाळी उमलून सायंकाळी विस्कटते, भरगच्च पाकळ्यांचे फूल त्याच उन्हात अधिक काळ आकार टिकवते. ओलसर हवेत मात्र हा न्याय उलटतो. भरगच्च कळीच्या बाहेरील पाकळ्या पाण्याने एकमेकींना चिकटतात आणि कळी न उमलताच कुजते. म्हणून कोकणात कमी पाकळ्यांचे, झुपक्याने फुलणारे वाण आणि विदर्भात मध्यम ते भरगच्च पाकळ्यांचे, फिकट रंगांचे वाण अधिक समाधान देतात.

३. रोग आणि पानावरील पाणी

गुलाबाचे दोन प्रमुख बुरशीजन्य रोग पाण्याच्या बाबतीत परस्परविरुद्ध स्वभावाचे आहेत. काळ्या ठिपक्यांच्या रोगाची बुरशी, डिप्लोकार्पॉन रोझी, हिचे बीजाणू रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले असावे लागते. २० ते २७ अंशांचे तापमान तिला मानवते. कोकणातील व घाटमाथ्यावरील पावसाळा ही तिच्यासाठी आदर्श स्थिती होय. रोगट पाने पिवळी पडून गळतात, झाड उघडे पडते, आणि पाने नसलेले झाड फांदीतील साठा खर्चून नवी पालवी काढते. ती पालवीही गळाली की साठा संपतो. पावसाळ्याअखेर झाड ‘अचानक’ मेल्यासारखे दिसते, त्यापूर्वी ही उपासमार दोन-तीन महिने चाललेली असते.

भुरी रोगाच्या बुरशीला पानावर साचलेले पाणी मानवत नाही. तिला हवेत दमटपणा लागतो, पण पान कोरडे हवे असते. रात्री गार व दमट आणि दिवसा उबदार व कोरडे, अशा पठारावरील हिवाळ्यात ती कोवळ्या पानांवर व कळ्यांच्या देठांवर पांढऱ्या पिठासारखी पसरते. ‘पपा मेयां’ हा गडद लाल, अतिशय सुगंधी वाण यासाठी ओळखला जातो.

‘आइसबर्ग’ या वाणाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. १९५८ मध्ये जर्मनीतील कोर्डेस यांनी प्रसृत केलेला हा पांढरा फ्लोरिबंडा १९८३ मध्ये जागतिक गुलाब संघटनांच्या महासंघाने सन्माननीय वाणांच्या यादीत समाविष्ट केला. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया यांसारख्या कोरड्या व उबदार प्रदेशांत तो जवळजवळ बारमाही फुलतो. इंग्लंडच्या ओलसर हवेत मात्र त्याला काळ्या ठिपक्यांचा उपद्रव होतो. त्यामुळे ‘आइसबर्ग चांगला की वाईट’ या प्रश्नाला ठिकाण सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. सोलापूर किंवा नागपूर येथील बागेला तो जितका अनुकूल ठरण्याची शक्यता, तितकी दापोलीच्या बागेला नाही.

रोगप्रतिकारक्षमता ही देखील कायमची ठेव नव्हे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे अनेक उपप्रकार नोंदले गेले आहेत. एका उपप्रकाराला दाद न देणारा वाण दुसऱ्याला बळी पडू शकतो. २००० मध्ये अमेरिकेत आलेला ‘नॉक आउट’ हा वाण काळ्या ठिपक्यांना उत्तम प्रतिकार करतो म्हणून तेथे सर्वत्र लावला गेला. पुढे कोळी कीटकामार्फत पसरणाऱ्या ‘रोझ रोझेट’ या विषाणुजन्य रोगाने तीच झाडे मोठ्या प्रमाणावर गाठली. एका रोगाला प्रतिकार म्हणजे सर्व रोगांना प्रतिकार नव्हे. शिवाय एकाच वाणाची सर्वदूर लागवड स्वतःच एक जोखीम बनते, हा या घटनेचा बोध आहे.

४. मातीखालचा अर्धा गुलाब

बाजारातील बहुतेक गुलाब डोळा भरून तयार केलेले असतात. वरचा भाग नामांकित वाणाचा, तर मुळे खुंटाची असतात. फुलाचे नाव सर्व जण विचारतात, खुंटाचे नाव फारसे कोणी विचारत नाही. मातीशी प्रत्यक्ष संबंध मात्र खुंटाचाच येतो. भारतात प्रामुख्याने तीन प्रकारचे खुंट वापरात आहेत. ‘इंडिका’ या नावाने ओळखला जाणारा खुंट क्षारयुक्त व विम्ल जमिनीत तग धरतो, म्हणून उत्तरेच्या मैदानांत तो रूढ झाला. ‘मल्टिफ्लोरा’ खुंट जोमदार मुळांचा असून किंचित आम्ल, निचऱ्याच्या जमिनीत चांगला वाढतो. बूर्बोन वंशातील ‘एडवर्ड’ हा तिसरा खुंट होय.

महाराष्ट्राच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू अनेकदा आठच्या वर असतो. गुलाबाला सहा ते सात हा सामू मानवतो. सामू वाढला की जमिनीत लोह असूनही ते मुळांना उपलब्ध होत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी खताची मात्रा वाढवणे निरुपयोगी ठरते. शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि निचऱ्यासाठी मुरूम मिसळून उंच वाफा करणे अधिक उपयुक्त असते. काळ्या मातीत मल्टिफ्लोरावरील आणि इंडिकावरील एकाच वाणाची झाडे वेगळी वागल्यास दोष वाणाचा मानू नये. खुंटावरून येणारी फूट वेळीच मुळापासून न काढल्यास ती वरच्या वाणाला मागे टाकते. ‘गुलाब जंगली झाला’ अशी तक्रार केली जाते, त्याचा खरा अर्थ एवढाच असतो.

५. भारतीय वाण आणि भारतातील हवामाने

भारतीय परिस्थितीसाठी भारतातच गुलाब पैदा करावेत, या विचाराला डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी मूर्त रूप दिले. गव्हाच्या पैदाशीसाठी ख्यातनाम असलेले आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले पाल हे तितकेच निष्ठावान गुलाबतज्ज्ञ होते. त्यांचा ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रकाशित झाला. त्यांच्या व दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कार्यातून ‘रोझ शर्बत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘डॉ. होमी भाभा’, ‘हिमांगिनी’, ‘बंजारन’, ‘मोहिनी’, ‘मृणालिनी’, ‘रक्तगंधा’ असे अनेक वाण उपलब्ध झाले. पुढे ‘पुसा’ या उपपदाने आलेल्या वाणांनी ही परंपरा चालू ठेवली.

या वाणांचे मोल मान्य करूनही एक मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्यांची निवड दिल्लीच्या हवामानात झाली. तेथे हिवाळा कडक, उन्हाळा प्रखर व कोरडा आणि पाऊस मर्यादित असतो. हे हवामान विदर्भाला काही अंशी जवळचे आहे. चार महिने ओल्या राहणाऱ्या कोकणाशी त्याचे साम्य अल्प आहे. ‘भारतीय वाण’ म्हणजे भारतात सर्वत्र यशस्वी होणारा वाण, असे समीकरण मांडता येत नाही.

ओल्या व उष्ण हवामानासाठी वेगळ्या वंशाकडे वळावे लागते. कोडाईकनाल येथे विरू व गिरिजा वीरराघवन यांनी भारतातील दोन रानटी जातींचा आधार घेऊन हे कार्य केले. ‘रोझा क्लिनोफिला’ ही पाणथळ, उबदार जागी वाढणारी जात असून ‘रोझा जायगँशिया’ ही ईशान्य भारत व म्यानमारच्या डोंगरांत वाढणारी महावेल आहे. बर्फाळ देशांच्या बाजारपेठेने आखलेल्या संकरकार्यात अशा जातींना फारसे स्थान मिळाले नव्हते. उष्ण कटिबंधातील घरबागेच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत आशादायक ठरतो.

अलीकडे ‘डच गुलाब’ या नावाने हरितगृहातील वाण घरबागेत येऊ लागले आहेत. मावळ तालुक्यातील हरितगृहांत लांब दांडा, फुलदाणीतील टिकाऊपणा आणि वाहतुकीत न चुरगळणारी कळी यांसाठी असे वाण वाढवले जातात. तेथे पावसाचे पाणी पानावर पडत नाही, खत थेंबाथेंबाने दिले जाते आणि फवारण्यांचे वेळापत्रक ठरलेले असते. हे छत्र काढून घेतलेले तेच कलम उघड्या अंगणात पहिल्या पावसाळ्यातच कमकुवत होणे स्वाभाविक आहे.

६. छाटणी : हवामानाशी केलेला करार

पठारी भागात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास केलेल्या छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत, म्हणजे थंडीच्या उत्तम काळात, फुले येतात. कोकणात परतीचा पाऊस संपेपर्यंत थांबणे हिताचे असते, कारण ओल्या हवेत केलेल्या जखमेतून फांदी वरून खाली वाळत जाण्याचा, बागायतदार ज्याला ‘डायबॅक’ म्हणतात तो, रोग शिरतो. कापलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट लावण्याची प्रथा यासाठीच आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर कठोर छाटणी करू नये. पानांची सावली गेलेल्या फांद्या उन्हाने भाजतात. पाश्चात्त्य पुस्तकांतील वसंतपूर्व छाटणीचा सल्ला बर्फ वितळण्याच्या वेळेला अनुसरून दिलेला असतो. तो मराठी पंचांगाला लागू पडत नाही.

७. नोंदींची गरज

जर्मनीत १९९७ पासून नव्या गुलाबांची अधिकृत परीक्षा कोणतीही रोगनाशक फवारणी न करता घेतली जाते. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठीय यंत्रणेने ‘अर्थ-काइंड’ उपक्रमात उष्ण हवा व विम्ल चिकणमातीत, फवारणीविना टिकणारे गुलाब निवडले. त्यांत ‘म्यूटाबिलिस’सारखे जुने चिनी गुलाबही उत्तीर्ण झाले. चिकण, विम्ल मातीचे ते चित्र मराठवाडा-विदर्भाला परके नाही. तेथील निष्कर्ष जसेच्या तसे उचलण्यापेक्षा त्यांची पद्धत स्वीकारणे अधिक श्रेयस्कर होय.

या बाबतीत महाविद्यालयांना विशेष वाव आहे. कोकण, देश, मराठवाडा, खानदेश व विदर्भ येथील महाविद्यालयांच्या आवारात बागा आहेत, वनस्पतिशास्त्र व भूगोल विभाग आहेत आणि दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. आठ-दहा वाण, एकाच खुंटावर, फवारणीविना तीन वर्षे वाढवून दर महिन्याला केवळ तीन गोष्टी नोंदवता येतील : झाडावर टिकलेल्या पानांचे प्रमाण, फुलांची संख्या आणि वाळलेल्या फांद्या. सोबत तापमान व पावसाची नोंद असावी. अशा नोंदींतून प्रत्येक जिल्ह्यासाठी विश्वासार्ह वाणयादी तयार होऊ शकते. ती उपलब्ध नसल्याने आज ग्राहक फुलाच्या छायाचित्रावर विसंबतो आणि दरवर्षी तोच खर्च पुन्हा करतो.

निष्कर्ष

गुलाबाचा वाण चांगला किंवा वाईट नसतो, तो एखाद्या ठिकाणासाठी योग्य किंवा अयोग्य असतो. कोकणातील घरबागेने कमी पाकळ्यांचे, झुपक्याने फुलणारे आणि चिनी, टी किंवा बूर्बोन वंशाचे गुलाब प्रथम निवडावेत, पिवळ्या-नारिंगी हायब्रिड टींचा मोह टाळावा. विदर्भ-मराठवाड्याने फिकट रंगांचे, भरदार पानोऱ्याचे वाण आणि विम्ल जमिनीला योग्य खुंट पाहावा. पठारी पट्ट्याला निवडीचे स्वातंत्र्य अधिक आहे, परंतु भुरीला बळी पडणारे वाण ओळखून मगच ते लावावेत. सर्वत्र लागू पडणारी कसोटी एकच आहे : गुलाब खरेदीसाठी डिसेंबरातील फूल पाहू नये, सप्टेंबरातील झाड पाहावे. शेजारच्या अंगणात पावसाळ्याअखेर ज्या झाडावर पाने शाबूत आहेत, त्याचीच कलमे आपल्या गावासाठी सर्वांत खात्रीची असतात, मग सूचिपत्रात त्या वाणाचे नाव असो वा नसो.